वाचकांचे प्रश्न : टाळेबंदीतली दारू, देणी आणि मनाची टोचणी

एप्रिलच्या मध्यावर राज्यात पुन्हा निर्बंध लागले आणि गेल्या वर्षीसारखी पत्रे पुन्हा येऊ लागली. या अंकात (जून २०२१) त्यांतली चार घेतली आहेत. पत्रांत व्यसन, कर्ज आणि अपराधीपणा वेगवेगळे लिहिलेले असतात, पण घरात ते एकत्रच नांदतात. पिण्यापायी देणे होते, देण्याची लाज वाटते, आणि लाज विसरायला पुन्हा पिणे होते. म्हणून उत्तरे देताना आम्ही एक क्रम पाळला आहे. आधी जीव वाचवायचा, मग देणी कागदावर उतरवायची आणि टोचणीला त्यानंतर हात घालायचा. हा क्रम उलटला की घात होतो. पश्चात्तापाच्या भरात देवापुढे शपथ घेऊन एका रात्रीत दारू तोडणारा माणूस तिसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचतो, तो यामुळेच.

प्रश्न : माझे पती रोज देशीच्या तीन क्वार्टर घेतात. एप्रिलमध्ये दुकाने बंद झाली तेव्हा दोन दिवस दारू मिळाली नाही. हात थरथरायला लागले, घाम सुटला. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडू लागले. गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावले. आता कुठून तरी दुप्पट भावाने आणतात आणि पितात. पुन्हा सोडवायची आहे. या वेळी घरातच ठेवून कशी सोडवू? एका जाहिरातीतली पावडर जेवणात घालू का? (एक भगिनी, इचलकरंजी)

उत्तर : ताई, या वेळी घरात सोडवू नका. ज्याला एकदा भास झाले किंवा आकडी आली, त्याला पुढच्या खेपेला त्याहून जास्त त्रास होण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत ताणलेला राहतो. दारू अचानक थांबली की गुंगी जाते आणि ताण मागे उरतो. थरथर, घाम, छातीत धडधड हे सगळे त्यातून होते.

याचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले असते. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत कापरे, मळमळ, बेचैनी सुरू होते. आकडीचा धोका साधारण १२ ते ४८ तासांत असतो. भास, वेळकाळाचे भान सुटणे, ताप, अंगावरचे कपडे ओढत राहणे हे बहुधा ४८ ते ९६ तासांत दिसते. हा शेवटचा टप्पा उपचाराविना जिवावर बेततो. तुमच्या पतींना तिसऱ्या रात्री जे झाले ते हेच होते. बाहेरची बाधा किंवा नाटक असे कोणी म्हटले तर ऐकू नका.

दवाखान्यात पाच ते सात दिवस मेंदू शांत ठेवणारी औषधे देतात आणि त्यांचा डोस रोज उतरवत नेतात. ती औषधे शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या मेडिकलमधून आणून देऊ नका. दारू पोटात असताना तीच गोळी श्वास मंदावते. सरकारी रुग्णालयांत पलंग मिळेलच असे नसते (२०२१ मध्ये ते कोरोनाकडे वळले होते), म्हणून थेट घेऊन जाण्याआधी फोन करा. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, खासगी मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनमुक्ती केंद्र या सगळ्यांना एकाच सकाळी विचारा. फोन कोणाला करावा हेच सुचत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, ती जवळचे केंद्र सांगते. २०२१ मध्ये दाखल करण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी कोरोना चाचणीचा अहवाल मागत. फोनवर पुढच्या गोष्टी सांगा : रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, पूर्वी भास किंवा आकडी झाली होती का, कावीळ, मधुमेह, रक्तदाब आहे का. खाट मिळायला चार दिवस लागणार असतील तर तेवढे दिवस त्यांच्या हातातली बाटली हिसकावून ओतून देऊ नका. हे वाचून वाईट वाटेल, पण त्यांच्यासारख्या रुग्णाला डॉक्टरांशिवाय एकदम दारू तोडणे हे चार दिवस पिण्याहून धोक्याचे आहे.

सलाईनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना धीटपणे विचारा : "बी-१ चं इंजेक्शन दिलं का?" थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. साखर जाळायला शरीराला ते लागते आणि रोज पिणाऱ्याकडे त्याचा साठा जवळजवळ संपलेला असतो. बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. नजर डगमगणे किंवा एकाची दोन दिसणे, चाल लटपटणे, बोलण्यात गोंधळ ही तिची चिन्हे. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. इतक्या स्वस्त इंजेक्शनाअभावी माणसे अशी अधू होतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

त्रास अचानक सुरू झालाच तर दिवा चालू ठेवा, एक ओळखीचा माणूस जवळ बसवा, तारीख-वार सांगत राहा. बांधू नका, कोंडू नका. मीठ-साखर-लिंबाचे पाणी, पेज, वरणभात थोडा थोडा द्या. नाडी मिनिटाला शंभराच्या वर, ताप किंवा असंबद्ध बोलणे यांतले काहीही दिसले की १०८ ला फोन करा. आकडी आल्यास कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. या दिवसांत आणखी एक गोष्ट तपासायची आहे. ताप आणि गोंधळ कोरोनातही येतो. बोटाला ऑक्सिमीटर लावा. आकडा ९४ च्या खाली असेल तर ते नुसते दारू तुटण्याचे लक्षण मानू नका.

घरातले सॅनिटायझर कुलपात ठेवा. याच एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यालेली माणसे दगावली. भेसळीच्या सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल असू शकते. त्याचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. सुरुवातीला नेहमीसारखी नशा वाटते. बारा-चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुके येते, पोट दुखते, श्वास जोरात चालतो. प्यालेले कळले की लक्षणांची वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या, सोबत ती बाटली न्या.

आता पावडर. नका घालू. अशा बिननावाच्या पुड्यांत काय असते याची खात्री नसते. कधी डायसल्फिराम असते. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमजोर असेल तर माणूस दगावतो. हेच औषध डॉक्टरांच्या देखरेखीत, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने दिले तर उपयोगी ठरते. ते चालू असताना हातांना सॅनिटायझरऐवजी साबण वापरावा, कारण काहींना तेवढ्यानेही त्रास होतो.

आणि घरी परतल्यावरचे. पाच-सात दिवसांनी थरथर थांबते, जेवण जाऊ लागते, घरच्यांना वाटते सुटली. सुटलेली नसते. खरी परीक्षा दुकाने उघडतील त्या दिवशी आहे. गेल्या वर्षी ४ मे रोजी राज्यात दारूची दुकाने उघडली तेव्हा महिना-सव्वा महिना कोरडी राहिलेली कितीतरी माणसे त्याच रांगांत दिसली. त्या दिवसाची तयारी आजच लिहून ठेवा : एटीएम कार्ड कोणाकडे, सकाळी ते कोणासोबत कुठे असतील, तलफ आली तर फोन कोणाला. तलफेची लाट बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. पोट रिकामे असताना, राग आलेला असताना, एकटे असताना आणि थकल्यावर ती जोरात येते. म्हणून संध्याकाळी सहाला पोटभर खाणे हासुद्धा उपचाराचाच भाग धरा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मराठी बैठका असतात (२०२१ मध्ये त्या फोनवर, झूमवर होत). तुमच्यासाठी अल-अॅनॉन हा पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी सहचरी गट आहे. ताई, तुम्हीही बैठकीला बसा. त्यांची दारू सुटली तरी तुमची झोप आपोआप परत येत नाही.

प्रश्न : पती रिक्षा चालवतात. दोन महिने झाले, पीत नाहीत. पण देणी डोक्यावर आहेत : रिक्षाचे कर्ज दीड लाख बाकी, सोनेतारण ४०,०००, माझ्या नावावर मायक्रोफायनान्सच्या गटाचे ३०,०००, एका सावकाराचे २०,००० शेकडा दहाने, आणि मोबाईल अॅपचे ६,०००. अॅपवाले भावाला, नणंदेला फोन करून शिव्या देतात. एका ओळखीच्याकडून मोठी रक्कम घेऊन सगळे एकदम फेडावे का? (सोलापूर)

उत्तर : नवे कर्ज काढून जुने फेडू नका. दोन महिने कोरड्या राहिलेल्या माणसाच्या घरात एकरकमी रोकड येणे हीच मोठी जोखीम आहे.

एका कागदावर रकाने पाडा : कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, आजवर किती भरले, तारण काय, पुढचा हप्ता कधी. पतींना शेजारी बसवून लिहा. लपवलेले एखादे देणे याच वेळी बाहेर येईल. ते ऐकून भांडू नका, लिहून घ्या. लपलेले देणे मनात राहिले की तेच पुढे प्यायला लावते.

पैसे वाटायचे ते या क्रमाने : धान्य, औषध, भाडे, वीज, मग ज्याच्यावर पोट चालते ती रिक्षा, मग सोने, मग गट, बाकीचे त्यानंतर. जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो त्याला आधी पैसे जातात, ही बहुतेक घरांची चूक. अॅपवाला ओरडतो म्हणून त्याला मिळतात आणि रिक्षा ओढून नेली जाते. परवानाधारक रिक्षाचालकांना सरकारने २०२१ मध्ये १,५०० रुपये जाहीर केले होते. शिवभोजन थाळी २०२१ मध्ये काही काळ मोफत होती. ती घेण्यात कमीपणा नाही.

रिक्षाचे कर्ज : रिझर्व्ह बँकेने ५ मे २०२१ रोजी पुनर्रचनेची दुसरी योजना जाहीर केली. वैयक्तिक आणि छोट्या व्यवसायाच्या कर्जदारांना, आणि बँकांबरोबरच फायनान्स कंपन्यांनाही ती लागू होती. दोन अटी महत्त्वाच्या होत्या : ३१ मार्च २०२१ रोजी खाते थकीत वर्गात गेलेले नसावे, म्हणजे ९० दिवसांहून जास्त थकलेले नसावे, आणि पहिल्या योजनेत पुनर्रचना झालेली नसावी. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत ही प्रक्रिया सुरू व्हायला हवी होती; ती मुदत आता संपली आहे. हप्त्यात सवलत मागायची तर अर्ज लेखी द्या, पोच घ्या. त्यात कर्ज क्रमांक, टाळेबंदीपूर्वीची आणि आताची कमाई, किती महिने सवलत हवी आणि त्यानंतर किती हप्ता झेपेल, एवढे चार मुद्दे असू देत. सवलतीच्या काळात व्याज चालूच असते. दीड लाखावर वर्षाला १५ टक्के दर धरला तर तीन महिने हप्ता न भरल्यास देण्यात सुमारे ५,७०० रुपयांची भर पडते. म्हणून अर्धा हप्ता जमत असेल तर पूर्ण हप्त्याची सवलत मागू नका.

सोनेतारण : निदान व्याज भरून मुदत वाढवता येते का ते विचारा. नोटीस आली तर लिलावाची वाट बघू नका. एखादा दागिना विकून बाकीचे सोडवून घेणे लिलावापेक्षा परवडते.

गटाचे कर्ज : अधिकाऱ्यांनी वसुली ठरलेल्या बैठकीच्या जागीच करायची असते. सलग दोन वेळा तुम्ही तिथे आला नाहीत तरच ते घरी येऊ शकतात. त्यामुळे पैसे नसले तरी बैठकीला जा आणि जमतील तेवढे भरून पावती घ्या. गटातल्या बायकांना आधी विश्वासात घ्या, कारण तुमचा हप्ता चुकला की ताण त्यांच्यावर येतो.

सावकार : शेकडा दहा म्हणजे वर्षाला १२० टक्के. २०,००० वर महिन्याला २,००० व्याज, दहा महिन्यांत मुद्दलाएवढे पैसे जातात आणि मुद्दल जसेच्या तसे राहते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारालाही शेतीबाहेरच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही. म्हणजे तुमच्या रकमेवर महिन्याला ३०० रुपये. चक्रवाढ लावता येत नाही. परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था किंवा जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे लेखी करायची. दिलेल्या कोऱ्या चेकचे क्रमांक, स्टँप पेपरची तारीख, फोन-पेचे स्क्रीनशॉट, व्याज देताना हजर असलेल्यांची नावे जोडा. आजपासून रोख एक रुपयाही देऊ नका, जे द्याल ते खात्यावरून द्या. दमदाटी झाली तर पोलिसांत वेगळी तक्रार करा.

अॅप : ते पुसून टाकले तरी नातेवाइकांचे नंबर त्यांच्याकडे आधीच गेलेले असतात. आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याच्या परवानग्या बंद करा, धमक्यांचे स्क्रीनशॉट काढा, मगच पुसा. सगळ्या नातेवाइकांना आपणच एक निरोप पाठवा : "माझ्या नावाने कर्जाबाबत फोन येतील, उत्तर देऊ नका, नंबर जपून ठेवा." लाज वाटेल, पण तुमच्या लाजेवरच त्यांचा धंदा चालतो, आणि हा निरोप गेला की त्यांच्या हातातले हत्यार जाते. अशा अॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्येच इशारा दिला आहे. अॅपमागे नोंदणीकृत कंपनी आहे का ते बघा. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या सचेत या तक्रारीच्या पोर्टलवर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. या अॅपचे फेडायला दुसरे अॅप उघडू नका. सात दिवसांच्या मुदतीची अशी सहा-सात कर्जे एकमेकांत अडकलेली आम्ही पाहतो, आणि सुरुवात पाच हजारांनी झालेली असते.

रिक्षाची रोकड रोज खिशात येते, हा तुमच्या घरातला नाजूक मुद्दा आहे. दुपारी जेवायला आल्यावर एकदा आणि रात्री एकदा पैसे तुमच्याकडे द्यावेत. खिशात इंधनाचे आणि चहाचे तेवढे राहू देत. ही व्यवस्था त्यांनी स्वतः मान्य केलेली असावी. झडती घेऊन ती टिकत नाही.

प्रश्न : मुलगा घरून काम करतो. ऑनलाइन रमीत दोन लाख तीस हजार गेले, त्यातले बरेच क्रेडिट कार्डावर. "हा कौशल्याचा खेळ आहे, कायदेशीर आहे" म्हणतो. माझी एफडी मोडून फेडून टाकू का? (नाशिक)

उत्तर : रमी कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले आहे, हे खरे (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली). पण व्यसन लागायला खेळ बेकायदेशीर असावा लागत नाही. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळणे हे मुख्य लक्षण, आणि ते तुमच्या मुलात दिसते.

एफडी आज मोडू नका. देणे अचानक शून्य झाले की कार्डाची मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि खेळ नव्याने सुरू होतो. आधी त्याने स्वतः हे करावे : अॅपमध्ये स्वतःला खेळण्यापासून रोखण्याची सोय असल्यास ती वापरून खाते बंद करणे, कार्डाची मर्यादा खाली आणणे, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करणे, पगार जमा होतो त्या खात्याचे संदेश तुमच्याही फोनवर येतील अशी सोय करणे आणि स्वतःचा क्रेडिट अहवाल, म्हणजे सगळ्या कर्जांची नोंद, तुम्हाला दाखवणे. त्यानंतर कार्डाचे देणे बँकेकडून कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घ्यावे. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के बसतात. हप्ता त्याच्याच पगारातून जावा. समुपदेशन फोनवर सुरू करता येते. रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवणे एवढा एक नियम लावला तरी फरक पडतो, कारण मोठी रक्कम बहुधा रात्री जाते.

प्रश्न : मला पिणे सोडून चार महिने झाले. गेल्या सप्टेंबरात वडील कोरोनाने गेले. त्यांच्या उपचारासाठी भावाने पाठवलेल्या पैशांतले ४०,००० मी दारूत घालवले. अंत्यविधीलाही जाता आले नाही. भाऊ बोलत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि वाटते, आपण नसलेलेच बरे. (सातारा जिल्हा)

उत्तर : दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. तो विचार मनात येतो तेव्हा काय करायचे हेही मनात येते का? येत असेल तर आज, हे वाचून झाल्यावर लगेच, घरातल्या एका माणसाला सांगा. शेतावरचे कीटकनाशक, दोर, गोळ्या त्याच्या ताब्यात द्या. रात्री एकटे झोपू नका. १४४१६ ही टेली-मानस मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. मराठीत बोला. जिल्हा रुग्णालयात गेलात आणि असा विचार आला किंवा प्रयत्न केला असे सांगितलेत तर पोलीस प्रकरण होईल या भीतीने गप्प बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरायचे आणि त्याला उपचार द्यायचे, शिक्षा नाही, असे ठरवले आहे. पहाटे लवकर जाग, भूक नाही, कशात रस नाही, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर गोळ्या लागू शकतात. दारू सोडून चार महिने झाले आहेत, त्यामुळे हा दारूचाच उतार आहे म्हणून सोडून देता येणार नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, तोवर त्या मध्येच थांबवू नका.

आता चाळीस हजार. त्या रकमेपाशी दोन गोष्टी गुंतल्या आहेत, त्या सोडवून घ्या. पैसे तुम्ही घालवले, हे खरे आहे आणि ते तुमचे देणे आहे. वडील त्या पैशांमुळे गेले, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही. गेल्या सप्टेंबरात पैसा हातात असूनही खाटा, ऑक्सिजन न मिळालेली कुटुंबे होती आणि सगळे मिळूनही माणसे गेली. त्यांच्या उपचारात त्या पैशांवाचून नेमके काय अडले, हे डॉक्टरांची कागदपत्रे घेऊन एखाद्या जाणत्या डॉक्टरांना विचारा. उत्तर काहीही आले तरी ते पहाटे तीनच्या कल्पनेपेक्षा सोसवेल.

अंत्यविधीला न जाणे हा तर तुमचा दोषच नाही. त्या महिन्यांत कित्येक मुलांना नियमांमुळे जाता आले नाही.

देण्याचे असे करा. भावाला एक पत्र लिहा, एका पानाचे. किती घेतले, कशात घालवले, आणि दरमहा किती परत करणार, एवढेच लिहा. माफी मागा, पण "मला माफ केलंस का?" असे विचारू नका. तो प्रश्न विचारला की तुमचे ओझे उचलायचे काम त्याच्यावर पडते. "मी आजारी होतो" हे समर्थनही नको. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी आठवीत दुखावलेल्यांची यादी करायची असते आणि नववीत भरपाई, तीही त्यामुळे त्यांना किंवा दुसऱ्या कोणाला इजा होणार नसेल तरच. म्हणून आईसमोर किंवा भावकीत सगळे सांगून मोकळे व्हायची घाई नको. पत्र आधी तुमच्या समुपदेशकाला किंवा बैठकीतल्या जुन्या माणसाला वाचून दाखवा.

महिना १,००० ठरवा. ४० महिने लागतील, लागू देत. पाच हजार म्हणून दुसऱ्या महिन्यात चुकवलेत तर भावाला जुनाच माणूस दिसेल. रक्कम ठरलेल्या तारखेला खात्यावर जमा करा, सोबत निरोप नको. त्याने परत पाठवली तर त्याच्या नावाने पोस्टात आवर्ती ठेव उघडता येते का ते बघा, नाहीतर वेगळ्या खात्यात साठवा. तो बोलेल की नाही हे त्याच्यावर सोडा. न बोलण्याचा त्याला हक्क आहे, आणि तुमचे न पिणे त्याच्या बोलण्यावर टांगलेले असू नये.

सप्टेंबरात वर्षश्राद्ध येईल. तो आठवडा तुमच्यासाठी जोखमीचा आहे. भाऊ त्यांच्याकडे विधी करणार असेल तर निमंत्रणाची वाट बघत घरात बसू नका. त्या दिवसाच्या बैठकीची वेळ आधीच लिहून ठेवा, सोबतीला एक कोरडा मित्र ठरवा, आणि त्या महिन्याचे हजार रुपये दोन दिवस आधीच जमा करा, म्हणजे त्या दिवशी हातात रोकड राहणार नाही.